पेट्रोलचे पैसे

शहापूरला माझी रक्त तपासण्याची छोटी लॅब आहे. लोकांना वाटतं, बाई दिवसभर पंख्याखाली बसून सूक्ष्मदर्शकात डोळा घालते. खरं तर माझा निम्मा जन्म गाडीत गेला. सकाळी मुरबाडपर्यंत जायचं आणि येताना वाटेतल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने थंड डब्यात भरून आणायचे. गाडी माझ्या नावावर, पांढऱ्या पाटीची, घरगुती. चालवणारीही मीच. पन्नाशीनंतर कंबर जी धरली ती सुटलेली नाही, पण ती कुठल्या तपासणीत दिसत नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मीही देत नाही.

आमच्या रस्त्यावर रिकामी गाडी पळवणं म्हणजे माज समजतात. एसटीचा भरवसा नाही, जीप भरल्याशिवाय हलत नाही. हात दाखवला की थांबायचं. आणि बसणारा उतरताना काहीतरी ठेवून जातो. पेट्रोलला म्हणून एखादी नोट, नाहीतर वालाच्या शेंगा, तांदूळ, काकड्या. नको म्हटलं तर पुढच्या वेळी तो माणूस हातच दाखवत नाही, उन्हातून चालत जातो. हे कळल्यावर मी नको म्हणणं सोडून दिलं.

किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावरचे काका-काकू माझे नेहमीचे. काकूंना शुगर, त्यातून पायाला जखम झालेली, आणि तिचं ड्रेसिंग शहापूरच्या सरकारी दवाखान्यात. काका काकूंना मागे नीट बसवायचे, स्वतः पुढे बसायचे, आणि उतरताना घडी घातलेली नोट गिअरच्या पुढच्या खणात ठेवायचे. माझ्या हातात कधी दिली नाही.

एकदा ते दोघं गाडीत होते, तेव्हा वळणावर एक म्हैस आडवी आली. तिला वाचवायला गेले आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. माणसांना खरचटलंसुद्धा नाही. म्हैस तर मागे वळून न बघता निघून गेली. गाडीचं तोंड मात्र पार आत गेलं. गॅरेजवाल्याने खर्च सांगितला आणि मी तिथेच एका टायरवर बसले. लॅबसाठी नवीन मशीन घ्यायला कितीतरी वर्षं पैसे बाजूला टाकत होते. विमा मिळाला नाही तर ते सगळे या गाडीत जाणार होते.

विमा काढून देणाऱ्या एजंटने फोनवर बजावलं, नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर आला की कामाचं बोलू नका, पाहुण्यांकडे चालले होते म्हणा. मी ते पाहुणे मनात घोकत राहिले. सर्व्हेअर आला, एक सभ्य तरुण माणूस. त्याने गाडीचे फोटो काढले, मागच्या सीटवरचा थंड डबा बघितला आणि आपणहून म्हणाला, स्वतःच्या धंद्याचे नमुने नेलेले चालतात. माझे पाहुणे फुकट गेले, पण जीव भांड्यात पडला. आता फक्त गाडीतल्या माणसांचा जबाब तेवढा घ्यायचा, असं तो म्हणाला आणि त्याच्याच गाडीतून आम्ही पाड्यावर गेलो.

काकांनी अंगणात खुर्च्या मांडल्या. शेजारचे चारजण येऊन उभे राहिले. काकांनी म्हैस कुठून आली, मी ब्रेक कसा मारला, सगळं नीट सांगितलं. बाईची काही चूक नाही, हेही सांगितलं. सर्व्हेअर वही मिटत होता. तेवढ्यात काका पुढे सरकले.

"आनि सायेब, आमी फुकट नव्हतो बसलो. दर खेपेला पैसं देतो. तिकीट नसलं तर कायबी मिळत नाय, ठावं हाय मला."

मागे कधीतरी त्यांचा भाऊ बसलेली एसटी उलटली होती. ज्यांच्याकडे तिकीट होतं त्यांना भरपाई मिळाली, याचं तिकीट हरवलेलं, तर हा हेलपाटे मारून थकला. तेव्हापासून काकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की पैसे भरून बसलेल्याचाच हक्क लागतो. माझं काम अडू नये म्हणून ते साक्ष देत होते.

सर्व्हेअरने वही पुन्हा उघडली. माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "हे पैसे देतात तुम्हाला?"

नाही म्हणणं सोपं होतं. एका शब्दाचं काम. पण काका ताठ बसले होते, काकू दारात उभ्या, आणि शेजारी ऐकत होते. मी नाही म्हटलं असतं तर स्वतःच्या अंगणात, चारचौघांत, ते खोटे ठरले असते. फुकटे ठरले असते. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

"हो," मी म्हटलं. "देतात."

परतताना सर्व्हेअरने समजावलं. घरगुती गाडीच्या विम्यात पैसे घेऊन माणसं नेलेली चालत नाहीत, नोट लहान की मोठी याने फरक पडत नाही. त्यालाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. क्लेम नाकारला गेला. मशीनचे पैसे गॅरेजला गेले, आणि जुन्या मशीनला मी अजून थापटून चालवते.

गाडी दुरुस्त होऊन पहिल्यांदा पाड्यावरून गेले तर काका रस्त्यातच उभे होते.

"मिलालं ना गो बाय, कंपनीकडनं?"

"मिळालं, काका."

त्यांनी काकूंकडे बघितलं. "बोल्लो नव्हतो?" एवढंच म्हणाले. मग ही गोष्ट त्यांनी पाड्यावर सगळ्यांना सांगितली. आता कुणाची मोटारसायकल पडली तरी लोक आधी त्यांच्याकडे सल्ल्याला जातात.

विम्याचं नूतनीकरण झालं. गाडीत बसलेल्या कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका, असं एजंटने मला दोनदा बजावलं. मी मान डोलावली. काका अजून उतरताना खणात नोट ठेवतात. नको म्हटलं तर ते का म्हणून विचारतील, आणि मग मला सांगावं लागेल. म्हणून मी काही बोलत नाही. घेते.