आप्पांची चॅम्पियन

नव्या माणसाने "काय करता?" विचारलं, की प्राजक्ता घट्टे पडलेला उजवा हात ओढणीखाली घ्यायची आणि म्हणायची, "रांजणगावला पॅकिंगला हाय." बस्स. राज्याची टेनिस स्पर्धा जिंकलेली ही पोरगी शिरूरच्या खोलीत माझ्यासोबत वर्षभर राहिली, आम्ही एकाच लाइनवर कामाला, आणि मला पत्ता नाही! तिच्या गावाहून, केंदूरहून, तिचे चुलते आले, त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. मी भांडलेच तिच्याशी.

"हितं कुणी चॅम्पियन म्हणत न्हाई, लई बरं वाटतंय गं," ती म्हणाली. "बारकी असताना आप्पांनी खळं सारवून कोर्ट केलं. तवापासनं मी निस्ती चॅम्पियन. प्राजू कोण, मलाच ठावं न्हाई."

आप्पा म्हणजे तिचे वडील. ज्वारी दुसऱ्याच्या खळ्यावर मळतील, पण लेकीचं कोर्ट मोडणार नाहीत. ती जिंकली की उघडी जीप, गुलाल, डीजे. हरली की आप्पा जेवायचे नाहीत. "जिकलं की गावानं, हारलं की मी," असं ती हसत म्हणायची. मला ते हसणं बघवायचं नाही. खांदा दुखतो सांगून तिने खेळ सोडला. खांद्याला काही झालं नव्हतं. आप्पांनी बोलणंच टाकलं. सुट्टीला ती केंदूरला जाऊन भाकरी थापायची, आप्पा ताटावरून उठायचे. "एकदा 'प्राजू, जेवलीस का' म्हणू द्यात, बास," एवढंच तिचं मागणं.

आप्पा न बोलताच गेले. दहाव्याला मी नदीवर होते. पिंड मांडले, झाडावर कावळे, पण एक शिवेल तर शपथ. ऊन चढलं. प्राजक्ता पुढे झाली.

"आप्पा, मी प्राजू. सुखात हाय. माझी काळजी करू नगा."

कावळे ढिम्म.

"आगं, परत खेळीन म्हण!" चुलते ओरडले. "त्यातच जीव अडकलाय त्याचा."

ती पिंडापाशी खाली बसली. पुटपुटली, "खेळीन, आप्पा."

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला. लोकांनी हात जोडले. मला त्या मेल्या कावळ्याची मान मुरगळावीशी वाटली.

आठवड्यात तिने नोकरी सोडली. सरावासाठी दौंडला खोली घेतली.

"कावळ्याला दिलेला शब्द कुणी पाळतं का गं?" मी चिडून विचारलं. रडूही येत होतं.

ती बॅग भरता भरता थांबली. "लेकीनं बोलावलं, तवा न्हाई आले गं," ती म्हणाली. "चॅम्पियननं बोलावलं, आन् आले."