वैनीने न घेतलेली गाडी

आमच्या वैनीला विचारायची लाज कधी वाटली नाही. भरलेल्या एस्टीत ती कंडक्टरला विचारी, "तुका पगार किती पडता रे?" लग्नघरी सगळ्यांसमोर नवरीच्या आईला विचारी, "चेडवाक न्हवरो पसंत आसा मा, की तुमीच ठरवलात?" लोक हसत, कोणी चिडत, पण उत्तर देत. तिच्या आवाजात कुचेष्टा नसे. तिला खरंच जाणून घ्यायचं असे. "इचारलेला वाया जाणा नाय," असं ती म्हणे. मी तिच्या मागे पदर ओढून उभी राही. प्रश्न तिचा असला तरी कान माझे तापत.

ती माझी थोरली जाऊ. माझे यजमान लवकर गेले, मूल झालं नाही, तेव्हापासून मी वैनी आणि थोरले दीर यांच्याच घरात. दिरांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. ते एस्टीचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मसुऱ्यापासून आत आमची वाडी आहे. थोडी भातशेती, काजू, आंब्याची कलमं. मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी कोणाच्यातरी आड होते. वैनी सातवी शिकलेली होती, पण तिला शाळेने धीट केलं नव्हतं. ती जन्मतःच तशी असावी.

माझ्या किडन्या कामातून गेल्या तेव्हा कणकवलीच्या डॉक्टरांसमोर मी जमिनीकडे बघत बसले होते. वैनी खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "दोनूय गेलेत काय एक? आणि डायलिसिस नाय केल्यान तर ही मरतली काय?" माझ्यासमोर विचारलं. मला वाटलं, उठून बाहेर जावं. पण डॉक्टरांनी कागदावर दोन किडन्यांचं चित्र काढून दाखवलं आणि सगळं समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर वैनी म्हणाली, "बगलंस? इचारल्यावर माणूस चित्रय काढून दाखयता."

मग आठवड्यातून तीनदा कणकवलीला जायचं सुरू झालं. जाताना एस्टी मिळे, येताना रिक्षा करावी लागे. चार तास मशीनला लागून उठल्यावर अंगात त्राण नसतं. रिक्षाचे धक्के आणि धूर सोसत नसे. वाटेत दोन-तीनदा रिक्षा थांबवून मी रस्त्याच्या कडेला ओकत बसे, आणि येणारे-जाणारे बघत. एकदा रिक्षावाला मला म्हणाला, "वयनी, पुढच्या खेपेक दुसरी रिक्षा बगा." त्याचं काही चुकलं नाही. घरी आल्यावर मी वैनीला म्हटलं, "दोनदाच जाऊया ना, तीनदा कशाला." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मगे जेवक पण दोनदाच जेव." त्याच आठवड्यात तिने घरात गाडीचा विषय काढला.

वाडीत मी आजाराचं कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर माहेरी जाते म्हणायची. आजारी बाई घरात नुसती बसून खाते, असं लोकांनी म्हणू नये एवढंच माझ्या मनात होतं.

गाडी मिळाली ती नांदगावच्या एका निवृत्त सरांची. त्यांची नजर अधू झाली होती, आता चालवत नसत. ती हायब्रीड होती. दादांनी ती बघून येऊन सांगितलं, "पेट्रोलारय चलता आणि बॅटरीरय. कधी कोणी चलवची ता गाडीच ठरयता. आवाज म्हणून नाय. धक्को नाय, वास नाय. पेट्रोल पण कमी खाता."

"म्हणजे आमच्यासारखी दोन जावांची गाडी," वैनी म्हणाली. "कोण काम करता आणि कोण बसान आसा ता घोवाक कळणा नाय."

दादा हसले, पण त्यांचं मन होत नव्हतं. गाडी जुनी, मोठी बॅटरी तीच मूळची. ती गेली तर आपल्याकडे दुरुस्त करणारा कोणी नाही, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठायचं. "दोन घरचो पावणो उपाशी," असं ते दोन दिवस म्हणत राहिले. वैनीचं मन मात्र त्या धक्का नसलेल्या, वास नसलेल्या गाडीवर बसलं होतं, आणि ते माझ्यामुळे, हे मला कळत होतं. मी म्हणायची, नको. माझं कोणी ऐकत नसे. मी इतक्या हळू बोलते की कदाचित ऐकूही जात नसेल.

शेवटी वैनी म्हणाली, "देवीक इचारूया."

आमच्याकडे मोठं काही करायचं तर ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीची परवानगी, डावी पडली तर नाही. गाऱ्हाण्यात काम काय आणि कशासाठी हे मोकळं सांगावं लागतं. देवीपासून लपवून कौल मागता येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्या सकाळी सुचलं नाही. देवळात आणखी चार-पाच घरची माणसं आपापल्या कौलासाठी आली होती. गुरवाने आवाज लावला.

"गे आये माऊली, आज ही जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, तेंच्या घरातल्या धाकट्या सुनेक जो काय किडनीचो आजार झालेलो आसा, तेच्यासाठी तिका कणकवलेक नेवची-आणूची लागता..."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तेच्यासाठी ही जी काय दोन इंजिनांची जुनी गाडी घेवची म्हणतत, ती घेवची काय नको, तो उजवो-डावो कौल दी गे माये."

"व्हय म्हाराजा."

मी खांबाआड सरकले. तिथून मला पाषाण दिसत नव्हता, फक्त वैनीची पाठ दिसत होती. बराच वेळ काही झालं नाही. मागून कोणी हळूच म्हणालं, "पेट्रोल सोपला तर बॅटरी. बॅटरी सोपली तर काय?" दुसरा म्हणाला, "तर वैनी ढकलतली." लोक हसले. वैनीही हसली. मग गुरव म्हणाला, "उजवो." पाकळी पडली होती.

घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही. तिला कळलं. बांधावर थांबून ती म्हणाली, "शालन, तू काय चोरी केलंस? आजार झालो तो झालो. आता वाडीक म्हायती आसा, तर कोणतरी अर्ध्या वाटेर पाणी तरी दितला." मला ते पटलं नाही. त्या दिवसापासून बायका मला बघून आवाज खाली करत, आणि कोणी न मागता नारळ आणून देई. मला दोन्हीची सारखीच लाज वाटे.

उजवा कौल मिळाला म्हणजे गाडी घेणारच, असं सगळे धरून चालले होते. वैनीने सरांना निरोप पाठवला, "देवीन हां म्हटल्यान. आता गाडयेक इचारतंय." तिचं म्हणणं असं, की एकदा मला डायलिसिसला नेऊन आणायचं, त्याच गाडीतून, त्याच वाटेने. सर भला माणूस. तयार झाले. दादा चालवायला, बाजूला सर, मागे आम्ही दोघी. जाताना गाडी इतकी अलगद गेली की मला झोप लागली. असं वाहन असतं हे मला माहीत नव्हतं.

येताना मात्र मला आवरलं नाही. त्या गाडीत ना धक्का होता ना वास, तरी झालं. वैनीने पदर पुढे धरला, पण सीटवर पडायचं ते पडलं. परक्याची गाडी, स्वच्छ ठेवलेली. सरांनी गाडी थांबवायला लावली, उतरून मागे आले, म्हणाले, "असू द्या. गाडी धुता येते." मला वर बघवेना. मनात आलं, आता ही गाडी घ्यावीच लागणार. आपण घाण केलेली वस्तू परत कशी द्यायची?

पुढे चढ लागला आणि दादांच्या समोर एक पिवळा दिवा लागला. गाडीचा जोर थोडा कमी झाल्यासारखा वाटला. दादांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "तो लागतो मधूनमधून. आपोआप जातो." आणि खरंच, चढ संपल्यावर तो गेला. मला हायसं वाटलं. पण वैनी पुढे वाकली. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला.

"सर, एक इचारू? तुमका चेडू आसा मा?"

"आहे. पुण्याला असते."

"तिका ह्यो आजार झालो असतो, आणि पावसात वाटेर कोण नाय, तर ह्या गाडयेतसून तुमी तिका धाडल्यात असता?"

मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. त्या माणसाने आपला दिवस दिला होता, माझी ओकारी सोसली होती, आणि आता हा प्रश्न. सर समोर रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही, वहिनी. बॅटरी दोन वर्षं चालेल, दोन महिनेही चालेल. मलाच सांगता येत नाही. मी तिला नसतं पाठवलं."

"उपकार झाले," वैनी म्हणाली.

घरी आल्यावर तिने सीट स्वतः साबणाने घासून धुतली, पंखा लावून वाळवली. तोपर्यंत सरांना घावणे आणि चहा दिला. मग सर आणि वैनी अंगणात जुन्या ओळखीचे असल्यासारखे काजूच्या मोहोराबद्दल बोलत होते. मी दाराआड होते. दादा त्यांना गाडीसकट नांदगावला सोडायला निघाले, तेव्हा सरांनी मला हाक मारून विचारलं, "आता बरं वाटतं ना?" मी मान हलवली. बोलायला हवं होतं.

वाडीत गवगवा झाला. गाडी परत पाठवून देवीने दिलेला उजवा कौल मोडला म्हणून. एक म्हातारी दारात येऊन वैनीला बोलली. वैनीने तिला पाट दिला आणि म्हणाली, "देवीन घेवक परवानगी दिल्यान. घेवकच व्हयी असा खंय म्हटल्यान?" म्हातारीला ते पटलं नाही. पुढे दादांनी एक जुनी साधी पेट्रोलची व्हॅन आणली. आवाज करते, धक्के देते, चढावर कण्हते. पण ती बिघडली तर मसुऱ्यातला गॅरेजवालाही दुरुस्त करतो. वैनी मागे माझ्याजवळ बसे, मांडीवर पिशव्या घेऊन. एकदा ती म्हणाली, "आवाज करता ता बरा. जिती आसा ता कळता."

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत वैनीला ताप आला. ती म्हणाली, चिखलात उभी राहून अंग दुखतंय, त्याचा आहे. आयुष्यभर सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या बाईने आपल्या तापाबद्दल कोणाला विचारलं नाही. लावणी उरकायची होती. डोळे पिवळे दिसले तेव्हा दादांनी तिला व्हॅनमध्ये घातलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. व्हॅन कुठे थांबली नाही, अडली नाही. डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, शेतातल्या चिखलापाण्यातून होणारा ताप, उशीर झाला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आजारी मी, आणि गेली ती. वाडीतल्या बायका ओटीवर येऊन बसत, तेव्हा त्यांच्याकडे मला बघवत नसे. पाठीमागे बोलणं चालू होतं ते मला ऐकू येत होतं. कौल मोडल्यान. कोणासाठी मोडल्यान, ते कोणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझी डायलिसिसची पाळी होती. मी ठरवलं, बोलायचं नाही. घरात सुतक, दादा दोन दिवस जेवले नव्हते. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू, मला कणकवलीला न्या? मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पाय सुजले होते, श्वास लागत होता. मनात आलं, चुकली पाळी तर चुकली. एका अर्थी बरंच.

तेवढ्यात अंगणात व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठले नाही. आवाज चालूच राहिला. मग दादा दारात आले. ते माझ्या खोलीच्या दारात कधी येत नसत.

"चल," ते म्हणाले.

"आज नको दादा."

"तू नाय इलंस तर तिका मी काय सांगू?"

मला ओटीवरून, त्या सगळ्या बायकांमधून जावं लागलं. मी पदर पुढे ओढला. एकीच्या तोंडून काहीतरी निघालं, पुरतं ऐकू आलं नाही. दादांना आलं असावं. ते पायरीवर थांबले आणि सावकाश म्हणाले, "ती गाडी परत धाडलंय ती मीच. कौल मोडलो असलो तर तो माझ्या हातान मोडलो. बोलाचा तर माका बोला. हिका नको."

मी व्हॅनचं मागचं दार उघडलं. सीटवर दादांनी माझी फाईल ठेवली होती, पांघरायची चादर ठेवली होती, आणि घरातली सगळ्यात मोठी बाटली पाण्याने काठोकाठ भरून ठेवली होती. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, दिवसाला दोन-तीन पेले. हे वैनीला माहीत होतं. ती लहान बाटली अर्धी भरून घेई. दादांना कोणी सांगितलं नव्हतं.

मीही सांगितलं नाही. ती जड बाटली मांडीवर घेतली आणि कणकवलीपर्यंत तशीच धरून बसले.