आत्या आणि कार्बनची सायकल

घासण्याचा आवाज आत्याला सहन होत नसे. दाराची कडी लाकडाला घासू दे, नाहीतर नवी चप्पल टाचेला, ती हातातलं काम टाकून उठायची आणि दोन्हींच्या मध्ये काहीतरी सारायची. येडगावच्या आमच्या घरात विळ्याच्या मुठीला, बादलीच्या कडीला, बाजेच्या पायांनासुद्धा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. वडील म्हणायचे, "आक्का, आता मला तेवढी पट्टी गुंडाळ."

"तुला कशाला? तू कुठं कामानं झिजतोस?"

तिचं लहानपण मेंढरांमागे चालण्यात गेलं. सगळा संसार घोडीच्या पाठीवर असायचा. मुक्कामाला पोचलं, की खोगीर उतरवून घोडीच्या पाठीवर हात फिरवायचं काम तिच्याकडे. "पाठ सोलली की घोडी बसली, अन घोडी बसली की बिऱ्हाड बसलं," असं ती सांगायची. शाळेत ती गेली नाही. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. पण सायकलच्या शर्यतीत मी टिकले ती आत्यामुळे, हेही तितक्याच ताठ मानेनं सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी जुन्नरला कॉलेजात होते. पुण्याच्या एका प्रशिक्षक सरांनी माझं सायकलिंग पाहून एक जुनी कार्बनची सायकल वापरायला दिली. घरी आणून देताना बजावलं, "ही लोखंडाची नाही, हिला वेल्डिंग होत नाही. आत कार्बनचे धागे आहेत. चेन आपटून धागे कापले गेले तर फ्रेम कामातून जाईल. संघाच्या निवड शर्यतीआधी येऊन बघेन. जपलेली दिसली नाही, तर सायकल दुसऱ्या मुलीला जाईल." तसं झालं असतं, तर शर्यतीतला तळेघरचा चढ मला माझ्या जड सायकलवरच चढावा लागला असता, आणि मग निवडीचं नाव नको.

आत्यानं सायकल एका हातानं उचलली. "आगं, आपलं कोकरू हिच्यापरीस जड हाय."

जुन्नरचा रस्ता तेव्हा असा, की प्रत्येक खड्ड्याला चेन उसळून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर आपटायची. अंगणात शिरताना आत्यानं तो आवाज ऐकला. लगेच जुन्या घोंगडीचा तुकडा काढून तिनं दांड्याला घट्ट शिवून टाकला. आवाज एकदम बंद. आम्ही दोघी खूश.

आठवड्यानं तिनं सवयीप्रमाणे शिवण उसवून पाहिलं. लोकरीनं चेनचं तेल प्यायलं होतं, तेलाला रस्त्याची वाळू चिकटली होती, आणि त्या वाळूनं दांड्यावरची चकाकी खरवडून काढली होती. आत्यानं त्यावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "लोकर जनावराला बरी. ह्याला न्हाई. पर आवाज थांबला म्हून आपण गप बसलो आसतो, तर?"

मग ट्यूब आली. उभी चिरून, साबणानं धुऊन, एका वेढ्यावर दुसरा अर्धा चढवत तिनं ती पट्टी दांड्याला ओढून गुंडाळली. पण दर दोन दिवसांनी ती सोडायची, दांडा पुसायचा, हात फिरवायचा, पुन्हा गुंडाळायची. मी कंटाळायचे. "आत्या, झाकलंय ना आता?"

"झाकलं म्हंजे राखलं न्हाई. उघडून बघावं लागतं."

सर आले. पट्टी सोडून त्यांनी दांडा उन्हात धरला, आणि ते घासलेलं नेमकं त्यांना दिसलं. मी तोंड उघडण्याआधी आत्या पदर खोचून पुढे झाली. "सर, त्यो वरखडा माझा हाय. पोरीचा न्हाई. मी घोंगडी बांधली व्हती. काय बोलायचं ते मला बोला, सायकल तिची ऱ्हाऊ द्या."

सरांनी नखानं चाचपून पाहिलं. "वरचा थरच गेलाय, धागे शाबूत आहेत," ते म्हणाले. मग पट्टीची आतली बाजू बघून हसले. "ट्यूब सगळेच गुंडाळतात, आत्या. पण आतून इतकी स्वच्छ मी पाहिली नव्हती. सायकल राहू दे इथंच."

तळेघरच्या चढावर त्या सायकलनं मला तिसरी आणलं, आणि माझी निवड झाली. आत्या गावभर सांगत सुटली, "आमची पोरगी तिसरी आली. सायकल मी राखली व्हती."

पुढे काही वर्षांनी तिला लकवा झाला आणि ती बाजेवरच राहिली. तोवर मला नोकरी लागली होती, पण मी रोज घरी यायचे. संध्याकाळी आई आणि मी तिला कुशीवर वळवायचो, चोळी वर करून पाठ बघायचो, पुसायचो, हात फिरवायचो. तिला बोलता येत नव्हतं. हात पाठीवरून फिरला, की ती डोळे मिटून घ्यायची.

ती गेली तेव्हा शेवटची आंघोळ घालायला भावकीतल्या बायका आल्या. त्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि एकीनं आईला विचारलं, "वर्षभर पडून व्हती ना गं ही?"

पाठीवर एक ओरखडाही नव्हता.