बिडाची चाकं

बाळांनो, तुमच्या खेळण्यातल्या इंजिनाच्या चाकांसाठी आजोबा आज एका हातात पितळ आणि दुसऱ्यात बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंड घेऊन बसले होते. पितळ लेथवर आठवड्यात कातून होतं. बिडाला महिने लागतात, आणि त्याची काळी भुकटी त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. डॉक्टरांनी फार महिने दिलेलेही नाहीत.

मी म्हटलं, "पितळच घ्या हो. निदान इंजिन चाललेलं बघाल."

"पितळ झिजतं. पोरं नावं ठेवतील मला."

"ऐकायला असाल का तुम्ही?"

ते हसले, मग खोकतच राहिले. मागे उरणारी वस्तू घडवताना माणूस शेजारी बसलेल्याला विसरतो की काय, कोण जाणे. मी त्यांच्या नाकातोंडावर ओला रुमाल बांधला आणि पितळ कपाटात ठेवून दिलं.