नववा फॉर्म

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. वीस वर्षं झाली, पण स्वतः तीनदा वरखाली केल्याशिवाय दुसऱ्या कुणाला आत पाऊल टाकू देत नाहीत. असला काटेकोर माणूस! फुटबॉलला मात्र जन्मात पाय लावला नव्हता. लेकीच्या संघाचे कोच गाव सोडून गेले, पालकांच्या बैठकीत सगळे माना खाली घालून बसले, आणि ह्यांचा हात वर गेला. कशासाठी? तर भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे आमची लेक, वय दहा, एका जागी टिकेल तर शपथ.

पहिल्याच दिवशी ह्यांनी तिला बजावलं, "मैदानावर बाबा नाही, सर म्हणायचं. पोरीचे लाड करतो असं कुणी म्हणायला नको."

बिचारीनं महिनाभर पाळलं. हे जेवतानासुद्धा चमचे मांडून बचाव शिकायचे, मला वाढायला चमचा उरायचा नाही. मुलींचे स्पर्धेच्या नोंदणीचे फॉर्म गोळा करायला तर लोकांच्या दारात चपला झिजवल्या. एकीचा फोटो नाही, एकीच्या वडलांची सही नाही.

पहिल्या सामन्याला भिंगरी उजाडायच्या आत मोजे घालून तयार. मैदानावर पंचांना यादी द्यायच्या आधी ह्यांनी मुलींना रांगेत उभं करून नावं वाचली. आठ नावं झाली, कागद संपला. भिंगरी अजून उभीच.

ह्यांनी फाइल चाळली. पुन्हा चाळली. काखेत कळसा नि गावाला वळसा! आठ घरं पालथी घातली आणि आपल्याच घरचा फॉर्म भरला नव्हता. लक्ष माझंही नव्हतं, पण ते तेव्हा मी कशाला कबूल करू?

सात-सातजणींचा सामना, आणि त्यात एक मुलगी तापामुळे आलीच नव्हती. गोलकीपरचे काका ह्यांच्या कानाशी लागले, "तिच्या नावावर हिला उतरवा ना. कोण बघतंय?"

भिंगरीनं ऐकलं. ती ह्यांच्याकडे बघत राहिली. खरं सांगते, मलाही वाटलं, करा हो, एवढं एकदा खोटं करा!

"नाही," हे म्हणाले. "चूक माझी आहे. खोट्या नावानं नाही खेळवायचं."

पोरगी जाऊन बाकावर बसली. रडली असती तर बरं झालं असतं. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना एकीचा पाय मुरगळला. बदली कुणी नाही. भिंगरी सवयीनं ताडकन उठली, मग आठवण झाली तशी परत बसली. उरलेल्या सहाजणी जीव तोडून खेळल्या आणि एका गोलनं हरल्या. हे कडेला उभं राहून घसा फोडत होते, पण बाकाकडे वळून बघायची हिंमत काही झाली नाही.

घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात भिंगरी कोरा फॉर्म घेऊन बसली. नाव, जन्मतारीख, सगळं तिनंच लिहिलं. फोटो चिकटवला. पालकाच्या सहीची जागा आली तेव्हा कागद माझ्यापुढे सरकवला.

"आई, तू कर."

मी केली. मग ती ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, ताठ.

"सर, माझा फॉर्म."

आम्ही घरात होतो. तिनं मोजेही काढले होते.

ह्यांनी कागद घेतला. तीनदा वाचला. मग मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे."