लाल गाडीची चोरी आणि माझी शिकवणी

ती घटना आजही आठवते, आणि समजा मी विसरलोच तर आठवण करून देणारी माणसं घरात आहेत. नातवंडांना मी दरोडेखोर पकडल्याच्या गोष्टी सांगायला बसलो की स्वयंपाकघरातून आमच्या सौ. विचारतात, "लाल गाडीचं सांगितलंत का?" तेव्हा आज तेच सांगून मोकळा होतो. नावं कोणाचीच देत नाही. माझं द्यायला हरकत नव्हती, पण पेन्शन चालू आहे.

साल ऐंशीच्या आसपासचं. मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. वय तिशीच्या आत, मिशी मात्र वयापेक्षा मोठी. एका सकाळी आडगावच्या पुढचे एक द्राक्षबागायतदार ठाण्यात आले. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत. शहरातल्या द्वारका चौकात एका दुकानासमोर उभी केलेली त्यांची मोटार चोरीला गेली होती.

मोटार साधी नव्हती. परदेशी बनावटीची, लालभडक, दोन दारांची. मुंबईच्या दलालामार्फत लिलावातून आणलेली. काटा एकशे चाळीसपर्यंत, आणि तेही मैलांत. आमच्या सरकारी जीपचा काटा कधीच मोडला होता, पण तो असता तरी त्याला एवढे आकडे वाचता आले नसते. तात्यांनी मुलाला शब्द दिला होता, बारावीला फर्स्ट क्लास आण, पळणारी गाडी देतो. मुलाने आणला. मुलगा अठरा पूर्ण, लायसनवरची शाई ओली. त्याच्या आयुष्यातली पहिली गाडी ही!

ठाणे अंमलदारांनी फिर्याद लिहून घेतली, चोरीचं कलम ३७९ लावलं. मी जागेचा पंचनामा केला. म्हणजे जिथे गाडी नव्हती त्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी मोजली. धुळे, मालेगाव, ठाणे सगळीकडे बिनतारी संदेश गेले. तिसऱ्या दिवशी मालेगावहून निरोप आला, लाल गाडी मिळाली. मी हवालदारांना घेऊन धावत गेलो. ती वरातीसाठी लाल रंगवलेली एक म्हातारी टॅक्सी निघाली. मालक म्हणाला, "साहेब, घेऊन जायची तर न्या, पण ढकलत न्यावी लागेल."

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही. ज्याची वस्तू चोरीला जाते तो माणूस ठाण्यात येऊन टेबलावर हात आपटतो, आमदारांचं नाव घेतो, पोलिसांना शिव्या देतो. हे तात्या दर दोन दिवसांनी येत, बाकाच्या टोकावर बसत आणि हळूच विचारत, "लागला का काही माग?"

मी नाही म्हणून मान हलवली की त्यांचा चेहरा उजळे. "असू द्या, असू द्या. तुम्ही तरी काय करणार? घाई नाय." एकदा तर टोमॅटोची पाटी पाठवली. तपास लागत नाही म्हणून पोलिसांना टोमॅटो देणारा फिर्यादी मी पुढे उभ्या नोकरीत पाहिला नाही. पाटी मी परत पाठवली. हवालदारांच्या म्हणण्याप्रमाणे ती पूर्ण भरलेली पोचली नाही, पण तो तपास वेगळा.

आठव्या दिवशी माझा द्वारकेचा खबऱ्या आला. म्हणाला, "साहेब, चौकातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला उचला. गाडी जायच्या दोन दिवस आधी तात्यांशी भांडत होता. चारचौघांत ओरडला, ही गाडी मी उचलून नेईन आणि विहिरीत टाकीन."

झालं. मला आणखी काय हवं होतं? दुपारी चारला, चौक गच्च भरलेला असताना, मी जीप गॅरेजच्या दारात लावली आणि मिस्त्रीला हात पुसायलाही न देता आत बसवलं. पन्नाशीचा, काटक माणूस. वीस वर्षं त्या चौकात गाड्या दुरुस्त करणारा. दुकानदार पायऱ्यांवर येऊन बघत होते. मला वाटलं, माझ्याकडे कौतुकाने बघताहेत.

ठाण्यात मी त्याला समोर उभं केलं.

"गाडी कुठंय?"

"कुठली?"

"लाल."

"ती माझ्याकडं असती ना साहेब, तर इंजिन काढून विहिरीवर बसवलं असतं. दोन गावांचं भिजलं असतं."

"विहिरीत टाकीन असं म्हणालास की नाही?"

"म्हणालो की. सगळ्या चौकात म्हणालो. चोर असा दवंडी देऊन जातो का?"

प्रश्न बरोबर होता. पण प्रश्न विचारण्याचं काम फक्त माझं, असं मला तेव्हा वाटे. मी आवाज चढवला. त्याने चढवला नाही.

"साहेब, पोरगं काल सायकलवरून उतरलं आणि आज यात बसलं. नुसता पाय ठेवला की ही गाडी उडी मारते. ही शिकून आलेल्या माणसाची गाडी हाय, शिकायची नाय. मी तात्यांना सांगितलं, पोराला आधी एखादं खटारं द्या. दहा ठिकाणी बंद पडू द्या, ढकलू द्या. गाडी काय असते ते कळू द्या. त्यावरून भांडण."

मी ते कागदावर घेतलं नाही. त्याला रात्रभर बसवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी अटक दाखवून कोर्टापुढे हजर करायचं ठरवलं. कोठडीकडे जाताना तो एवढंच म्हणाला, "लोक माझ्याकडं गाडी सोडतात, किल्ली हातात देतात आणि निघून जातात. पावती नाय, काय नाय. उद्यापासून कोण देईल?"

खरं सांगतो, हे ऐकूनही मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

दुसरा दिवस दसऱ्याचा. ठाण्यात शस्त्रपूजा झाली. बंदुका ओळीने मांडल्या, जीपला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. कोठडीतून मिस्त्री बघत होता. हवालदार माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "त्याच्या गॅरेजात आज पाने-पकडींची पूजा असते. सगळ्या चौकाला पेढे देतो दरवर्षी. आज शटर बंद आहे." हे हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मला चूक दाखवायची त्यांची पद्धत अशीच होती, बातमी दिल्यासारखी.

मी म्हणालो, "चला, तात्यांना आनंदाची बातमी देऊ."

तात्यांच्या मळ्यावर पोचलो तेव्हा अंगणात ट्रॅक्टर, जुनी जीप, पाण्याचं इंजिन आणि फवारणीचा पंप धुऊन ठेवले होते. तात्यांच्या पत्नी ओट्यावर माळा ओवत होत्या. मुलगा ट्रॅक्टरला हळदीकुंकू लावत होता. मी मिशीवर हात फिरवून सांगितलं, "तात्या, चोर सापडला. तुमचा मिस्त्री. कालपासून आत आहे."

तात्यांच्या हातातलं तबक खाली आलं. "मिस्त्री? आत? अहो, त्याला कशाला?"

"गाडी त्यानेच..."

"नाय हो, नाय!"

हवालदार एवढा वेळ ओट्याकडे बघत होते. म्हणाले, "वहिनी, यंत्रं चार आणि माळा पाच? पाचवी कोणाची?"

"ती होय? ती सिन्नरला, वन्संच्या मळ्यात..." एवढं बोलून बाईंनी जीभ चावली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "मी म्हटलं नव्हतं, हे लपणार नाही म्हणून? आता एवढ्या मोलाची वस्तू दसऱ्याला बिनमाळेची कशी ठेवायची?"

तात्या ओट्यावर टेकले. "साहेब, चोर मी हाय. मीच पहाटे, पाय जेमतेम टेकवत, बहिणीच्या गोठ्यामागं नेऊन घातली आणि यष्टीनं येऊन तुमच्याकडं फिर्याद दिली. चांदवडच्या रस्त्याला एकदा याच्या शेजारी बसलो होतो. झाडं दिसंनात, साहेब. नुसता हिरवा पट्टा. घरी आलो ते दोन दिवस ताप. पण पोराला शब्द दिलेला. गावाला पेढे वाटलेले. काढून कशी घेऊ? म्हटलं, चोरीला गेली तर कुणाचा शब्द मोडत नाय."

मुलगा कुंकवाचं बोट तसंच धरून उभा होता.

"मिस्त्रीला कालच धरलंय हे माहीत असतं," तात्या म्हणाले, "तर मी चालत आलो असतो. चला, आधी त्याला सोडवू."

शहाणा माणूस थेट ठाण्यात गेला असता. मी म्हणालो, "आधी मुद्देमाल." आम्ही सगळे जीपने सिन्नरकडे गेलो. गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, ती उभी होती. काय दिसत होती! तात्यांच्या बहिणीने दारातूनच सांगितलं, "न्या बाई ही एकदाची. म्हैस बिचकते, दूध चोरते."

पंचनामा झाला. आता गाडी ठाण्यात कोणी आणायची? आमच्या जीपच्या ड्रायव्हरने दोन पावलं मागे घेतली. मी म्हणालो, "मी आणतो. जीप चालवतोच की." मुलाला शेजारी बसवलं. त्याने हळूच सांगितलं, "साहेब, पाय हलका ठेवा."

मी अठरा वर्षांच्या पोराकडून शिकणार होय? जीपला द्यायचा तसा पाय दिला.

पुढचं नीट आठवत नाही. आठवतो तो आवाज, मग बांध, मग आकाश, मग पुन्हा बांध. गाडी थांबली तेव्हा आम्ही कोथिंबिरीच्या वाफ्यात मधोमध होतो. माझी टोपी पुढच्या काचेवर, बंपर पाटाच्या पाण्यात. दोघांनाही खरचटलंसुद्धा नव्हतं. कोथिंबिरीचा वास मात्र चार दिवस गणवेशातून गेला नाही.

मुलगा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हसेल. त्याने खिडकीतून वाफ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, माझंही असंच झालं होतं. दुसऱ्याच दिवशी. आमच्याच बागेत. गड्याने बैल लावून ओढून काढली. तात्यांना सांगितलं नाही."

"का?"

"कसं सांगू? एवढ्या हौसेनं आणलेली. मला ही गाडी नकोच होती. रोज सकाळी किल्ली घेताना वाटायचं, आज पंक्चर असू दे. चोरीला गेली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली."

तात्या धोतर सावरत वाफ्यातून पळत येत होते. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. तात्यांनी त्या एवढ्या दांडग्या पोराचं डोकं छातीशी धरलं. हवालदार बांधावर उभे राहून म्हणाले, "म्हणजे गाडी दोघांनाही नको होती, आणि आम्ही आठ दिवस शोधत होतो."

संध्याकाळच्या आत मिस्त्रीला सोडलं. तात्यांनी त्याच्यापुढे टोपी काढली. मी आपट्याची पानं पुढे केली आणि म्हणालो, "मिस्त्री, चुकलो."

त्याने पानं घेतली. "ते इथं म्हणालात साहेब, चार भिंतींत. नेलंत ते चौकातून."

भरपाई कशी करायची ते त्यानेच सुचवलं. बांधावरची हकिगत त्याला हवालदारांनी आधीच सांगितली होती, बातमी दिल्यासारखी.

"उद्यापासून आठ दिवस, सकाळी नऊला, गॅरेजात यायचं. हा पोरगा आणि तुम्ही. दोघांना गाडी शिकवतो. माझ्याकडं एक खटारं हाय. आणि साहेब..."

"बोला."

"वर्दीत यायचं."

आठ दिवस द्वारकेच्या चौकाने जे पाहिलं ते वर्णन करण्यासारखं नाही. एका खिळखिळ्या गाडीत मी सुकाणूवर, मागे तात्यांचा मुलगा, शेजारी मिस्त्री. "साहेब, गियर! साहेब, ती म्हातारी दिसत नाय का? उतरा, ढकला!" मी उतरून ढकलत असे, आणि वाहतुकीचा शिपाई मला सलाम ठोकावा की मदत करावी या विचारात शिट्टी वाजवायला विसरत असे. पायऱ्यांवर तेच दुकानदार उभे. चौथ्या दिवशी त्यांच्यातला एकजण खाली आला, माझ्यादेखत आपल्या गाडीची किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली आणि पावती न मागता निघून गेला. मिस्त्रीने ती खिशात टाकली आणि माझ्यावर पुन्हा ओरडला, पण जरा कमी.

गुन्ह्याचं काय, असं वाचक विचारतील. खोटी फिर्याद म्हणून बी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टाला पाठवून तात्यांवर कारवाई व्हायला हवी होती. मी सी समरी पाठवली, गैरसमजुतीने दाखल झालेला गुन्हा. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, "गैरसमज नक्की कोणाचा?" मी म्हणालो, "बराचसा माझा, सर." त्यांनी सही केली. निवृत्त झालो म्हणून हे लिहितो आहे.

लाल गाडी मुंबईच्या एका गृहस्थाने विकत नेली. मुलाने मिस्त्रीचंच खटारं घेतलं. दोन वर्षं ढकलत चालवलं, आणि पुढे त्याच्याइतका सावध चालक मी क्वचितच पाहिला.

तरुण पोराच्या हाती पहिलीच गाडी वाऱ्यासारखी पळणारी द्यावी का, असं मला अजून लोक विचारतात. मी नाही म्हणतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. मलाही पंचविसाव्या वर्षी दोन तारे, पट्टा आणि जीप मिळाली होती. नुसता पाय ठेवला की माणसं आत जात होती. मी कधी बंद पडलो नव्हतो, मला कोणी ढकलायला लावलं नव्हतं. ते काम मिस्त्रीने केलं. त्यानंतर कोणावर संशय आला तर त्याला जीपमध्ये बसवण्याआधी मी त्याच्या दुकानात जाऊन बाकावर बसू लागलो, चहा मागवू लागलो आणि ऐकू लागलो. माझे सगळे तपास त्यामुळे बरोबर आले असं म्हणणार नाही. चहा मात्र फार झाला.