बेनच्या शेजारची खोली

माझ्या वडिलांच्या चुलतभावाची ठाकूरद्वारच्या एका वाडीत खोली होती. काका सरकारी कचेरीत कारकून. त्यांची नाशिकला बदली झाली तेव्हा खोलीला कुलूप लावून जायला त्यांचं मन घेईना. कुलूप फार दिवस दिसलं की मालक ताबा घेणार, ही धास्ती. त्याच उन्हाळ्यात मला गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. काकांची काळजी मिटली आणि माझी राहायची सोय झाली. वडील मला बेळगावहून सोडायला आले, दोन दिवस राहिले, स्टोव्ह पेटवून चालतो की नाही ते पाहिलं आणि परत गेले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

शाळेतल्या इतर शिक्षिका मला म्हणायच्या, "ठाकूरद्वारला राहता? मजा आहे बाई तुमची!" त्यांच्यातल्या कुणी कुर्ल्याहून येत, कुणी ठाण्याहून. त्यांचं खोटं नव्हतं. वाडीच्या तोंडाशी देऊळ, देवळाच्या भिंतीला टेकून फुलवाली. तिच्याकडे सकाळी सात वाजता सोनचाफा मिळायचा. रस्ता ओलांडला की लायब्ररी, तिच्या खाली भाजणी आणि मेतकूट विकणारं दुकान. समोरच्या चाळीत गाण्याचा क्लास होता. तिथल्या मुली संध्याकाळी एकच पलटा इतक्या वेळा घोटायच्या की तो मलाही पाठ झाला होता. नाटकाचं थिएटर चालत जाण्यासारखं. व्याख्यानं फुकट. चौपाटी तर इतकी जवळ की पोळी भाजून, झाकून ठेवून, समुद्र बघून यावं आणि पोळी अजून मऊ असावी. आमच्या चाळीचा लाकडी कठडा कोरीव होता. दुपारी ऊन त्याच्यातून आत येई आणि गॅलरीच्या फरशीवर वेलबुट्टी पडे. मला ती फार आवडायची. "बघा, किती छान दिसतंय" असं कुणाला तरी म्हणावंसं वाटायचं आणि मग लक्षात यायचं की म्हणायला कुणी नाही.

चाळीत माणसं नव्हती असं नाही. माणसंच माणसं होती. पण प्रत्येक दाराआड एक भरलेलं घर होतं आणि मी एकटी, बिनलग्नाची, परगावची. सुरुवातीला बायका नळावर बोलायच्या माझ्याशी. एकदा एकीनं विचारलं, "जेवलीस का गं?" मी म्हटलं, "जेवलो की मघाच." सगळ्या हसल्या. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी जेवलो' असंच म्हणतात. ह्यात हसण्यासारखं काय, ते मला आधी कळलंच नाही. एक जण म्हणाली, "जेवलो काय? तू बाई आहेस की बुवा?" वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण त्यानंतर पोरंसोरंही जिन्यात मला बघून "जातो, येतो" करायला लागली. मी मग नळावर बोलायचंच कमी केलं. बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवून बघायचं, 'जाते, येते, जेवले'. तोवर बायकांचा विषय पुढे गेलेला असायचा.

रविवार सर्वांत लांब. सकाळी वाडीभर मासळी तळल्याचा वास, घराघरांत पाहुणे. मी केस धुवायची, वह्या तपासायची, चार वाजता साडी बदलून चौपाटीवर जायची. वाळूत बसून भेळ एकटीनं खायला लाज वाटे. म्हणून पुडी बांधून घेऊन घरी आणायची आणि तोपर्यंत ती मऊ पडायची.

गॅलरीच्या टोकाला माझी खोली आणि तिच्या अलीकडची खोली एका गुजराती जोडप्याची. नवरा कापडबाजारातल्या एका पेढीवर मेहताजी, म्हणजे हिशेबनीस होता. सकाळी काळी टोपी घालून जायचा, दिवे लागल्यावर यायचा. बायको पन्नाशीची, ठेंगणी, गोरी, कायम काहीतरी निवडत बसलेली. सगळी चाळ तिला बेन म्हणायची आणि ती नवऱ्याला शेठ. मुलगा अहमदाबादला गिरणीत सुपरवायझर होता. बेन माझ्याकडे बघून हसायची, एवढीच आमची ओळख.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आमच्या वाडीत ती आधीपासूनच होती. तळमजल्यावर एक छापखान्यातले गृहस्थ राहायचे, त्यांचा आवाज असा की सकाळची घोषणा त्यांनी दिली की दुसऱ्या मजल्यावर भांडी वाजत. "मुंबई आमची!" ते सुरू करायचे आणि वाडी पुढचं पूर्ण करायची. मीही कठड्याला टेकून पूर्ण करायची. घोषणा देताना माझी मराठी कुणाला वेगळी वाटत नसे.

एके दिवशी शाळा मधेच सुटली. शहरात गोळीबार झाला म्हणून कुणी सांगत आलं. मी घरी पोचते न पोचते तोच कर्फ्यू लागला. दुकानं धडाधड बंद झाली. घरात रॉकेल संपलेलं होतं, थोडे पोहे होते, दूध नव्हतं. रस्त्यावर पळापळ, दुरून काचा फुटल्याचे आवाज, मग एकदम शांतता. अशा वेळी प्रत्येक घर आपापल्या माणसांची मोजदाद करतं. मी दार लावून खाटेवर बसून राहिले. माझ्या मोजदादीत मी एकटीच.

दार वाजलं. बेन होती. हातात झाकलेली थाळी.

"तुझा स्टव्हचा आवाज आला नाय," ती म्हणाली. "मी समजली, काय तरी खलास झाला असेल. खिचडी हाय, कढी हाय. खाऊन घे."

मी थाळी घेतली. ती जाईना. दारातच उभी राहून पदराशी चाळा करत होती. मी म्हटलं, "बेन, आत या ना."

"तू ये माझ्याकडे," ती म्हणाली. "शेठ अजून आला नाय. मला एकटीला बसवत नाय."

मी तिच्या खोलीत जाऊन जेवले. तिनं दाराला आतून अडसर घातला होता आणि खिडकी लोटून घेतली होती. खाली कुणी घोषणा दिली की तिचे हात थांबायचे. गॅलरीतली बाकीची दारंही बंदच होती. त्यांच्यावर तरी काय रागवायचं. त्यांचीही माणसं बाहेर होती.

"तू पण ओरडते ना खाली बघून?" तिनं मला विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बरोबर हाय. तुमचा गाव, तुमचा राज. पण त्यात माझा शेठनी काय केला?"

मी तिच्याजवळ सरकून बसले.

मेहताजी अंधार पडायच्या सुमारास आले. जिन्यावर जड पावलं वाजली, बेननं दार उघडलं, तर छापखान्यातले गृहस्थ पुढे आणि मेहताजी त्यांच्या मागे. मेहताजींच्या डोक्यावर टोपी नव्हती. लांबून गुजराती असल्याचं ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी ती काढून कोटाच्या आत ठेवली होती. बोडक्या डोक्याचा तो माणूस एकदम म्हातारा दिसत होता.

"काळबादेवीच्या नाक्यावर अडकले होते," छापखानेवाले म्हणाले. सकाळी घोषणा देऊन त्यांचा घसा बसला होता. "म्हटलं, शेठ, माझ्याबरोबर चला. कोण काय बोलतो बघतो. बेन, पाणी द्या ह्यांना."

ते पाणी न पिताच खाली गेले. आणि दुसऱ्या दिवशी कर्फ्यू उठल्यावर पहिली घोषणा त्यांचीच होती.

त्या दिवसापासून बेन आणि मी एकमेकींच्या झालो. संध्याकाळी मी शाळेतून आले की तिच्या दारात बसायची. ती डाळ निवडायची, मी वह्या तपासायची. ती गिरगावातच जन्मलेली. तिच्या मराठीत बाई-बुवाचा ताळमेळ नसायचा. मी तिच्यापुढे माझं बेळगावी बिनघोर बोलायची. "मी आलो बेन," म्हणायची, ती म्हणायची, "आला? बस." दोघींनाही कुणी हसत नसे. ठाकूरद्वारच्या कुठल्या गल्लीत पूर्वी विहीर होती, कुठल्या देवळातला नंदी कधी चोरीला गेला आणि परत आला, हे सगळं मला तिनं सांगितलं. तिच्या तोंडून ऐकल्यावर तो परिसर मला नुसता देखणा वाटायचा थांबला. ओळखीचा वाटायला लागला.

मध्यंतरी आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. वडिलांनी सत्याग्रह केला, तुरुंगात जाऊन आले. ते शिक्षक होते, आवाज चढवून बोलणं त्यांना माहीत नव्हतं, तरी गेले. एकदा शिवाजी पार्कच्या सभेसाठी बेळगावची मंडळी आली, त्यांत तेही होते. माझ्याकडे उतरले. बारीक झाले होते. बेननं त्यांना थेपले आणि कैरीचा गोड छुंदा वाढला.

"तुम्ही गुजराती, मी मराठी," वडील हसून म्हणाले, "आणि जेवायला वाढायलाय तुम्हीच."

"मग काय उपाशी ठेवू?" बेन म्हणाली. "टीचरचा बाप हाय तुम्ही."

निघताना ते मला म्हणाले, "थोडं थांब. आपलं गाव येतंय बघ महाराष्ट्रात. मग सुट्टीला येशील ते आपल्याच राज्यात येशील." त्यांच्या बोलण्यात इतका विश्वास होता की मी पुढची काही वर्षं त्याच्यावर काढली.

राज्य झालं, पण आमच्या गावाशिवाय झालं.

त्या दिवशी वाडी अशी सजली होती की पुन्हा तशी मी पाहिली नाही. दारोदार गुढ्या, कठड्यांवर पणत्या, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर रांगोळी. छापखान्यातले गृहस्थ नवं धोतर नेसून सगळ्यांना मिठ्या मारत होते. नळावरच्या बायकांपैकी एक माझ्या खोलीत आली, पेढा हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुमचं बेळगावही येईल हो. आज ना उद्या." ती मनापासून म्हणत होती. मी पेढा खाल्ला. खरंच आनंद झाला होता मला, इतकी वर्षं मीही ओरडले होते. पण त्या आनंदात कुठे उभं राहावं ते कळेना. बेळगावच्या घरी वडील आत्ता काय करत असतील, हेच मनात येत होतं.

मी बेनकडे गेले. तीही हातात पेढा घेऊन बसली होती.

"मला पण दिला," ती म्हणाली. "बोलली, बेन, तुम्हाला पण तुमचा राज मिळाला. गुजरात." ती हसली. "मी गुजरात दोन वेळा बघितला. एकदा लग्नात, एकदा सासू मेली तेव्हा."

"चला," मी म्हटलं, "चौपाटीवर जाऊ."

आम्ही गेलो. दिव्यांच्या माळा, माणसांचा पूर, पोरं खांद्यांवर. मधेच बेननं माझा हात घट्ट धरला, हरवू नये म्हणून. आम्ही वाळूत बसून भेळ खाल्ली, ताजी, कुरकुरीत. पुडी संपल्यावर ती म्हणाली, "सगळा लोक खूश हाय. आपण पण खूश होऊया थोडा."

पुढच्या वर्षी मेहताजींना दम्यानं घेरलं आणि पेढी सुटली. मुलगा न्यायला आला. अहमदाबादला त्यानं सोसायटीत घर घेतलं होतं. सामान उतरवायला छापखान्यातले गृहस्थ आणि वाडीतली माणसं धावली, बायका रडल्या. बेन सगळ्यांच्या पाया पडली, लहानांच्याही. मला म्हणाली, "जेवत जा टाइमवर." एवढंच. टॅक्सी देवळाशी वळली आणि मी शाळेत गेले, कारण दुसरा तास माझा होता.

तिच्या खोलीत नवं कुटुंब आलं, चांगलं होतं. काकांनी नाशिकलाच घर केलं आणि खोली माझ्याकडे राहिली. माझं लग्न जमलं नाही. वडील गेले तेव्हा गाव जिथे होतं तिथेच होतं.

बेन एकदाच परत आली, भाच्याच्या लग्नासाठी. लग्नघर सोडून ती एक रात्र माझ्याकडे राहिली. मेहताजी नव्हते आता. तिनं खाली अंथरूण घातलं, खाटेवर झोपायला तयार होईना. तिकडे तीन खोल्या आहेत, आंगण आहे, पेरूचं झाड आहे, असं सांगत होती. मग म्हणाली, "आवाज नाय तिकडे. दुपारी मी रेडिओ लावून बसते. गाणा नाय ऐकत, नुसता माणूस बोलतो ते ऐकते."

सकाळी ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली नळावर भांडणं चालली होती, समोर गाण्याच्या क्लासचं दार उघडत होतं. ती किती तरी वेळ हलली नाही. मी चहा घेऊन गेले तर तिनं न बघताच कप घेतला.

दुपारी मी तिला स्टेशनवर गाडीत बसवून दिलं आणि चालतच परत आले. ग्रँट रोडवरून आले, भाजीवाल्यांच्या गर्दीतून. कोवळी गवार दिसली, बेनला आवडायची. मी पिशवी पुढे केली. भाजीवाली म्हणाली, "किती देऊ?" मी म्हटलं, "थोडीच. एकटीपुरती." तिनं मूठभर घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.